एकीला टीबी, दुसरीला नाही : हे शोधायला शिकणाऱ्या मुली



एकाच घरात सहा माणसं राहतात. सासऱ्यांना टीबी होतो. त्यांच्या उशापायथ्याशी असणाऱ्या सासूबाईंना काही होत नाही, पण धाकट्या सुनेला वर्षभरात खोकला लागतो. असं का? आपण म्हणतो, "तिच्या अंगात ताकद कमी होती." ते खरंही असेल, पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही. उरलेलं उत्तर शोधणारे संशोधक कसे तयार होतात, ते आज आपण समजून घेऊ.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जंतू अंगात शिरला म्हणजे आजार झालाच असं नाही. टीबीचा जंतू शिरलेल्या शंभर माणसांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांचं शरीर त्याला दाबून ठेवतं. आपल्या फुप्फुसात राखणदार पेशी असतात. त्या जंतूला गिळतात. बरेच जंतू तिथंच मरतात. टीबीचा जंतू मात्र चिवट. तो गिळल्यावरही त्या पेशीच्या पोटात जिवंत राहू शकतो. मग दुसऱ्या पेशी भोवती जमतात आणि त्याला कोंडून टाकतात. खाण्याची आबाळ, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, तर हा पहारा ढिला पडतो आणि जंतू बाहेर पडतो.

म्हणजे आजाराला दोन बाजू आहेत : जंतू आणि शरीर. या विषयात पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना दोन्ही शिकाव्या लागतात.

एम.एस्सी. झाल्यावर प्रवेश परीक्षा देऊन त्या एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काम सुरू करतात. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, ती १९५२ साली सुरू झाली. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या साथीत लस तयार करणाऱ्या हाफकिन यांचं नाव तिला दिलेलं आहे. अशा ठिकाणी पहिल्या दिवशीच कुणाच्या हातात जंतू देत नाहीत. आधी वर्गात बसून संशोधनाची पद्धत आणि नीतिनियम शिकायचे. मग सुरक्षितता शिकायची : गाऊन कसा घालायचा, हातमोजे कसे काढायचे, सांडलं तर काय करायचं. प्रयोगशाळांच्या सुरक्षेच्या चार पायऱ्या असतात. टीबीचे जिवंत जंतू वाढवायचे तर तिसऱ्या पायरीची प्रयोगशाळा लागते. तिथली हवा गाळूनच बाहेर सोडतात. म्हणून हात बसेपर्यंत टीबीच्या जंतूच्या एखाद्या निरुपद्रवी भाऊबंदावर सराव करतात.

यानंतर लागतो धीर. आपण रात्री विरजण लावलं की सकाळी दही तयार. आतड्यातला एक साधा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. बशीत त्याची वाढ डोळ्यांना दिसायला तीन-चार आठवडे जातात. तेवढ्यात दुसरा जंतू शिरला, तर सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शिवाय एकदा जमलं म्हणून कुणी मानत नाही. नवं खत चांगलं की नाही हे बघायला आपण एका वाफ्याला खत घालतो आणि शेजारचा वाफा तसाच ठेवतो. इथंही तसंच. औषध घातलेल्या पेशी आणि न घातलेल्या पेशी शेजारी ठेवून तुलना करायची, तीही पुन्हा पुन्हा. मनासारखं उत्तर आलं नाही तरी आलं तेच लिहायचं, हे या शिक्षणातलं मोठं शिक्षण आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. शरीराची बाजू समजायला माणसांचं रक्त, थुंकी लागते. त्यासाठी हे विद्यार्थी आपल्या गावातही येऊ शकतात. आधी नीतिशास्त्र समितीची परवानगी घ्यावी लागते. आपल्याला आपल्या भाषेत समजावून, आपण हो म्हटलं तरच नमुना घ्यायचा, हा नियम आहे. तेव्हा न लाजता विचारा : हे कशासाठी? माझं नाव गुप्त राहील का? निकाल मला कळेल का? माहितीचा कागद माझ्याजवळ राहील का? वाचता येत नसेल तर अंगठा लावताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. नाही म्हटलं म्हणून दवाखान्यातले उपचार थांबवता येत नाहीत. हो म्हटल्यावरही मधेच माघार घेता येते.

आणि आपल्या मुलींचं काय? पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. कर्करोगाबरोबर त्यांनी कुष्ठरोगाच्या जंतूवरही काम केलं आणि पुढे अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचाही अभ्यास केला. त्या काळात हे किती अवघड असेल, विचार करा.

आज सोयी वाढल्या आहेत. नेट परीक्षेत शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असतात. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते. म्हणजे लग्न झालं, मूल झालं म्हणून शिक्षण सोडायलाच हवं, असं नाही.

"पंचविशी उलटली तरी पोरगी शिकतेच आहे," असं बोलणं आपल्याही कानावर येतं. अशा वेळी सांगायचं की ती नुसती शिकत नाही, काम करते आहे. धाकट्या सुनेला टीबी का झाला आणि सासूबाई कशा वाचल्या, याचं उत्तर शोधणाऱ्यांत उद्या आपल्या गावची मुलगीही असू शकते. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दहावी-बारावीच्या मुलींना सोबत आणा आणि हा विषय काढा.