रांगेतून समोर

कोपरीतल्या आमच्या हौशी समूहगान मंडळात मी अकरा वर्षे मागच्या रांगेत गायलो. मंडळाचे गुरुजी थकले, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. पहिल्याच तालमीत ध्यानात आले, की गाणी मला पाठ होती, पण मी ती कधी पूर्ण ऐकलीच नव्हती. माझा आणि शेजाऱ्याचा आवाज, एवढेच आजवर कानी पडत होते. या अडचणीतूनच मी कूमी वाडिया यांच्या वाटचालीकडे वळलो.

मुंबईच्या परांजोती अकादमी कोरसमध्ये त्या गायिका होत्या. १९६७ साली संस्थापक व्हिक्टर परांजोती गेले आणि वृंदाच्या संचालनाची धुरा वाडियांकडे आली. पेटी वाजवणाऱ्याच्या मागे पेटी तरी उरते. वृंदाचे तसे नाही. माणसे पांगली की वाद्यच मोडले. हे वाद्य त्यांनी पुढे अनेक दशके जुळवून ठेवले.

आपले समूहगान बहुधा एकाच चालीचे असते. वसंत देसाईंनी शाळकरी मुलांकडून गाऊन घेतलेली समूहगीते याच परंपरेतली. कोरसमध्ये मात्र सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या चार ओळी एकाच वेळी चालतात. मुख्य चाल बहुतेकदा सोप्रानोकडे. आल्टोची ओळ एकटी ऐकली तर अपुरी वाटते. संचालकाला चारही ओळी कानात धरून तोल राखावा लागतो. हाताची खूण नुसती ठेक्याची नसते, ती श्वासाचीही असते. आणि श्वास कुठे अपुरा पडतो, हे रांगेत उभे राहून गायलेल्यालाच नेमके कळते.

त्यात भारतीय सुरांचा पेच वेगळा. रागाचे रूप स्वरांच्या क्रमात आणि मींडेत असते. चौघांनी एकदम निरनिराळे स्वर धरले की ते विस्कटू शकते. परांजोतींनी ‘द्रविडियन डिथिरँब’मध्ये हा पेच हाताळला, वनराज भाटियांनीही वृंदासाठी रचना केल्या. अशा रचना कागदावर टिकतात. ऐकू येण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे तालीम घेणारे कोणी लागते.

त्याची किंमत एकच: समोर उभे राहिल्यावर स्वतः गायचे नाही. गायलो की कान झाकले जातात. मला अजून ओठ मिटून धरावे लागतात. पण परवा, प्रथमच, मागच्या रांगेतला एक दबका आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पूर्वी मी उभा असायचो, त्याच जागेवरून.