40 वर्षं पिंपात राहिलेल्या व्हिस्कीला व्हॅनिलाचा वास कुठून येतो?

बाटलीवर 'सिंगल ग्रेन स्कॉच' असं वाचलं की वाटतं, ही एकाच धान्यापासून केलेली व्हिस्की. तसं नाही बरं का. इथे 'सिंगल' म्हणजे एकच डिस्टिलरी. धान्यं दोन-तीनही असू शकतात. बहुधा गहू किंवा मका, आणि सोबत मोड आणून वाळवलेली थोडी बार्ली.

आता शाळेत शिकलेलं ऊर्ध्वपातन आठवा. माल्ट व्हिस्की तांब्याच्या भांड्यात एकेक घाणा करून काढतात. ग्रेन व्हिस्की मात्र उंच स्तंभातून अखंड निघत राहते. या स्तंभाच्या सुधारित रचनेचं पेटंट 1830 साली आयर्लंडच्या एनिअस कॉफी यांनी घेतलं. (आपल्या कॉफीशी काही संबंध नाही! हे गृहस्थ आधी अबकारी खात्यात होते.) स्तंभातून येणारं मद्य इतकं तीव्र आणि स्वच्छ असतं की धान्याची स्वतःची चव त्यात फारच थोडी उरते. म्हणून ते बहुतेक मिश्र व्हिस्कीतच जातं.

मग काही पिंपं इतकी वर्षं का ठेवायची? कारण हलक्या मद्यावर लाकडाचा रंग नीट चढतो. अमेरिकेत बर्बनसाठी आतून जाळलेलं नवं ओकचं पिंपच लागतं, तसा कायदाच आहे. वापरून झालेली ती पिंपं मग स्कॉटलंडला येतात. उष्णतेने ओकमधलं लिग्निन तुटतं आणि व्हॅनिलिन तयार होतं. व्हॅनिलाच्या शेंगेत असतो तोच रेणू! ओकमधली लॅक्टोन्स ओल्या नारळाचा वास देतात, आतला कोळसा कच्चा उग्रपणा शोषून घेतो. म्हणून जुन्या ग्रेन व्हिस्कीचं वर्णन करताना लोक व्हॅनिला, टॉफी, नारळ असे शब्द वापरतात. वरून काहीच घातलेलं नसतं, रंगापुरतं कॅरॅमल सोडलं तर.

पण थांबण्याची किंमत असते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के उडून जातं. त्याला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. 40 वर्षांत 80 टक्के गेलं, असं पटकन म्हणू नका. हे उलटं चक्रवाढ व्याज आहे, दरवर्षी उरलेल्याच्या 2 टक्के. 200 लिटरमधले सुमारे 89 लिटर उरतात. गोव्यातही सिंगल माल्ट बनते, पण तिथल्या उष्म्यात हे उडणं कितीतरी जास्त, त्यामुळे इतकं थांबणं परवडतच नाही.

आणखी एक धोका आहे. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणून तीव्रता घटत जाते. ती 40 टक्क्यांच्या खाली गेली, की कायद्याने त्याला स्कॉच म्हणताच येत नाही. शिवाय लाकूड फार उतरलं तर चव तुरट होते, ते वेगळंच. त्यामुळे जुन्या पिंपांतले नमुने अधूनमधून काढून तपासावे लागतात.

आणि काचेत भरलं की वय थांबतं. 40 वर्षांची बाटली कपाटात आणखी 10 वर्षं ठेवलीत, तरी ती 40 चीच.