यंत्राचा डोळा आणि तंत्रज्ञाचा हात

कारखान्यात नवे यंत्र आले की कामगार प्रथम एकच प्रश्न विचारतो : हे आमच्या हाताला हातभार लावणार, की हातचे काम काढून घेणार? १९२८ साली मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा महिने संप केला, त्याच्या कारणांत एकेका माणसाच्या गळ्यात जादा माग बांधण्याची योजना हे एक मोठे कारण होते. तोच प्रश्न आज नेत्रतंत्रज्ञाच्या दाराशी आला आहे.

डोळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी आपली गाठ पडते ती या माणसाशी. चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्यातला दाब मोजणे, थेंब घालून बाहुली मोठी करणे, आतल्या पडद्याचे छायाचित्र घेणे, ही त्याची कामे. यांपैकी शेवटच्या कामाचाच आज विचार करू.

मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. आरंभी रोग्याला काहीच जाणवत नाही. अंधूक दिसू लागते तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून मधुमेह्याचा पडदा वेळच्या वेळी, साधारणपणे वर्षातून एकदा, तपासावा लागतो. परंतु एवढ्यांना पुरतील इतके नेत्रवैद्य आणायचे कोठून? येथे कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडते.

यात जादू नाही. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यंत्राला सुमारे १ लाख २८ हजार छायाचित्रे दाखविली. ५४ जाणकारांनी ती आधी तपासली होती. एकेक चित्र तीन ते सात जणांच्या नजरेखालून गेले होते. त्या निवाड्यांवरून यंत्र रोगाच्या खुणा ओळखावयास शिकले. म्हणजे यंत्राचे शहाणपण हे माणसांच्याच श्रमांचे संचित होय.

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत अशीच एक चाचणी झाली; तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. मोबाइल फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने आरोग्यसेवकाने चित्रे घेतली आणि इंटरनेटवाचून फोननेच निकाल दिला. ज्यांची चित्रे तपासता आली अशा २१३ रोग्यांत, डॉक्टरांकडे पाठवलेच पाहिजे असा एकही सुटला नाही. तसा रोग नसलेल्यांपैकी मात्र शेकडा अकरा-बारा जणांना त्याने विनाकारण रोगी ठरविले.

आता दुसरी बाजू पाहू. थायलंडमधील अकरा दवाखान्यांत परिचारिका चित्रे घेत होत्या. पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ चित्रांपैकी शेकडा एकवीस चित्रे यंत्राने नापसंत केली. कारण काय? पुष्कळ ठिकाणी अंधारी खोलीच नव्हती. इंटरनेट मंद, त्यामुळे रांग खोळंबे. चित्र नाकारले की रोग्याला दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवावे लागे. त्याची मजुरी बुडे. खोलीत उजेड किती, रांग केवढी, हे त्या परिचारिकांना रोज दिसत होते. यंत्राला ते दिसत नव्हते.

म्हणून आम्ही यंत्राला विरोध करीत नाही. तीन गोष्टी मागतो. पहिली, यंत्र बसविण्यापूर्वी ते हाताळणाऱ्याला विचारा आणि त्याला पगारी वेळेत शिक्षण द्या. दुसरी, वाचलेला वेळ रोग्याला समजावून सांगण्यास मिळू द्या. त्या वेळात रांग दुप्पट करू नका. तिसरी, यंत्र ‘ठीक’ म्हणाले आणि तंत्रज्ञाला शंका आली, तर ती नोंदवून रोग्याला डॉक्टरांकडे धाडण्याचा अधिकार त्याला लेखी असावा. यंत्राच्या चुकीचे खापर त्याच्या माथी फुटता कामा नये.

हा केवळ त्याच्या पोटाचा प्रश्न नव्हे. घाईने घेतलेल्या अंधूक चित्रावर उत्तम यंत्रही फसते, आणि त्यात नजर जाते ती आपली. तेव्हा घरात कोणी मधुमेही असेल, तर दिसते ठीक म्हणून स्वस्थ बसू नका. पडदा तपासून घ्या. आणि तपासणाऱ्याला दोन मिनिटे जास्त लागली, तर रांगेतून ओरडू नका.