कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षाचे देठ का सुकतात?

निफाड, दिंडोरी भागातली द्राक्षं कोल्ड स्टोरेजमध्ये शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. तरी कधी कधी देठ सुकतात, मणी गळतात. असं का होतं?

खोलीत वर बसवलेल्या युनिटमध्ये नळ्यांची कॉइल असते. पंखा खोलीतली हवा तिच्यावरून फिरवतो. नळ्यांतला गॅस हवेतली उष्णता शोषतो आणि बाहेरच्या कंडेन्सरमध्ये सोडतो.

पण कॉइल खोलीपेक्षा फारच थंड असली, की हवेतला ओलावा तिच्यावर बर्फ होऊन बसतो. मग कोरडी हवा द्राक्षातलं पाणी ओढते. बर्फामुळे हवा अडते, वीजबिलही वाढतं.

म्हणून कॉइल मोठी हवी, बर्फ वेळेवर वितळवायला हवा. माल ठेवण्याआधी आर्द्रताही विचारून घ्या. ती ९० ते ९५ टक्के असावी.