गादी पिंजायची की टाकायची?

सोलापुरात चादरीचं कौतुक सगळ्यांना. तिच्याखालच्या गादीकडे मात्र पाठ धरेपर्यंत कुणी बघत नाही. कापसाचा तंतू म्हणजे पीळ पडलेली चपटी, पोकळ फीत. या पिळांमध्ये हवा अडकते म्हणून गादी मऊ लागते. रोजचं वजन आणि घामाचा ओलावा यांनी तंतू दबून त्यांच्या गुठळ्या होतात. इथल्या एप्रिलात, 40 अंशांच्या पुढच्या उन्हात गच्चीवर टाकली की ओल उडते, गादी जरा फुगते. गुठळ्या सुटायला मात्र ती पिंजूनच घ्यावी लागते. पूर्वी पिंजारी तातेचा टणत्कार करत दारी यायचा. आता हे काम मशीन करतं. दर खेपेला थोडे तंतू तुटून उडतात, तेवढा नवा कापूस घालायचा. जुन्या गाद्या अशाच पिढ्या काढतात.

फोमचं तसं नाही. त्याच्या बारीक कप्प्यांच्या भिंती खचल्या की पुन्हा उभ्या राहत नाहीत. साधारण 7 ते 10 वर्षं धरा. आणि तो उन्हात टाकू नका, अतिनील किरणांनी पिवळा पडून त्याचा भुगा होतो. दुकानदाराच्या वॉरंटी कार्डापेक्षा गादीवर आडवी काठी ठेवून पाहा: खाली खड्डा दिसला, की बदला.