सेंद्रिय शेती : सल्ला कोणाचा, कशाचा?

कोण देतं?
• गावपातळीवर कृषी विभागाचे कर्मचारी. जिल्ह्यात 'आत्मा' (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) आणि कृषी विज्ञान केंद्र (देशातलं पहिलं १९७४ मध्ये, पुदुच्चेरीत).
• महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं : राहुरी, अकोला, परभणी, दापोली.
• परंपरागत कृषी विकास योजना (२०१५) : वैयक्तिक नव्हे, गटाने शेती. प्रशिक्षणही गटालाच.

सल्ला म्हणजे नेमकं काय?
• ५ टक्के निंबोळी अर्क : ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून अर्क १०० लिटर करायचा. फवारणी शक्यतो संध्याकाळी. उन्हात अर्काचा गुण उतरतो.
• कपाशीत गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवायला हेक्टरी ५ कामगंध सापळे. सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले, की उपाय सुरू. (सापळा नुसता टांगून भागत नाही, पतंग रोज मोजावे लागतात.)
• बीजप्रक्रियेत ट्रायकोडर्मा, कडधान्यांना रायझोबियम.

प्रमाणपत्राचे दोन रस्ते
• पीजीएस (सहभाग हमी प्रणाली) : किमान ५ शेतकऱ्यांचा गट, एकमेकांच्या शेतांची तपासणी. देशांतर्गत विक्रीसाठी.
• एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१) : त्रयस्थ संस्थेकडून तपासणी. निर्यातीसाठी हेच लागतं. तपासणारी संस्था सल्ला देऊ शकत नाही.

रूपांतर काळ (एनपीओपी) : हंगामी पिकांना साधारण २ वर्षं, फळबागांना ३. नोंदवही पहिल्या दिवसापासून.

किसान कॉल सेंटर : १८००-१८०-१५५१. सकाळी ६ ते रात्री १०, मराठीतही, निःशुल्क.