मूळचा गिअरबॉक्स ओळखावा कसा?

जुनी मोटार वरून मूळची दिसली, तरी तिच्या पोटातले यंत्र मूळचे असेलच असे नाही. अमेरिकेतील १९६७ सालची शेव्हरोले कॅमेरो घ्या. तिच्या लहान इंजिनांना ‘पॉवरग्लाइड’ हा दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळे. तीन गतींचा ‘टर्बो हायड्रामॅटिक ३५०’ आला तो १९६९ च्या गाड्यांत. पुढे पुष्कळांनी जुना काढून हा नवा बसवला.

मग ओळखावे कसे? दांड्याजवळच्या अक्षरांवर विसंबू नये. ती पट्टी तशीच राहिलेली असू शकते. गाडीखाली वाकावे आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या पॅनचे बोल्ट मोजावेत. पॉवरग्लाइडला १४, तर ३५० ला १३. शिवाय ३५० च्या पॅनचा एक कोपरा छाटलेला असतो.

परंतु जात जुळली म्हणजे माणूस तोच असे नव्हे. गिअरबॉक्सवर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला, तरच आपण त्याला मूळचा म्हणावे.

गिअरबॉक्स बदलणे हा दोष नव्हे. तीन गतींनी गाडी उलट सुखाने धावते. बदललेला गिअरबॉक्स मूळचा म्हणून विकणे, हा मात्र आम्ही दोषच मानतो.